फरशीतनं कळणारी गाडी

गाडी आली की माझी पोरगी दाराकडं वळून बघायची, म्हणून आमी सगळे फसलो. हे आधीच सांगून टाकते, कारण मला लांबण लावून सांगायला जमत नाय, मधेच दम लागतो. आणि पुढं मी स्टेशनाबद्दल जे सांगणार आहे ते वाचून कुणाला वाटेल ही स्टेशनाचं कौतुक करतेय. कौतुक आहेच, माझी भाकरी तिथली आहे. पण स्टेशन म्हटलं की माझ्या डोक्यात पहिली माझी पोरगी येते आणि तिचे कान येतात.

आमची खोली रुळाच्या भिंतीला लागून आहे. विटांच्या भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. दारातनं पाय बाहेर टाकला की बोळ, बोळाच्या पलीकडं रेल्वेची भिंत, भिंतीपलीकडं रूळ. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला झोप नव्हती. गाडी आली की मांडणीवरची ताटं एकमेकाला लागून किणकिण करायची, मला वाटायचं घर पडतंय, मी उठून बसायचे. माझं माहेर माणदेशात, तिथं दिवसातनं एक एसटी येते, ती पण आली तर आली. मग सवय झाली. इतकी झाली की रविवारी ब्लॉक असला, गाड्या बंद असल्या, की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पोरगी सहा महिन्यांची झाली, बसायला लागली, तेव्हापासून गाडी आली की खेळता खेळता थांबायची आणि दाराकडं मान वळवायची. कधी कधी आमच्या आधी वळायची. आमी हसायचो. माझे मिस्टर म्हणायचे, हिला रेल्वेत लावू, इंडिकेटरची गरज नाय.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. हे स्टेशन आत्यांच्या डोळ्यासमोर झालं. डोळ्यासमोर कसलं, डोक्यावरनं झालं म्हणा. आधी इथं खाडीची दलदल होती, भरतीचं पाणी आत यायचं, कडेला भाताची खाचरं. गावाकडं पाऊस नाय, काम नाय, म्हणून आत्या आणि सासरे मुकादमाबरोबर इकडं आले, भरावाच्या कामाला. डंपर मुरूम ओतून जायचा आणि बायका पाट्या भरभरून तो चिखलात नेऊन टाकायच्या. आत्या सांगायच्या, सकाळी टाकलेली माती दुपारी दिसायची नाही, चिखल गिळून टाकायचा, परत टाका. असं किती महिने. माझे मिस्टर तेव्हा तान्हे होते. त्यांची झोळी लोखंडी तिवईला बांधलेली असायची आणि बाजूनं रोलर फिरायचा. आत्या म्हणायच्या, "रोलर अंगावरनं गेल्यागत आवाज यायचा, पर माझं पोरगं ढिम्म. झोपून ऱ्हायचं." हे वाक्य ध्यानात ठेवा. ह्या वाक्यानं पुढं आमचं फार नुकसान केलं.

स्टेशन सुरू झालं तेव्हा एवढा मोठा हॉल आणि माणसांपेक्षा कबुतरंच जास्त. तिकिटाच्या खिडक्या पुष्कळ पण एकच उघडी, आणि आतला माणूस पेपर वाचत बसलेला. बाहेर रिक्षा नाय, रस्त्याला दिवे नाय, गाडीतनं उतरलेली माणसं चार-चार जण मिळून चालत घरी जायची. भराव संपला आणि आत्यांना तिथंच झाडायचं काम मिळालं, ठेकेदाराकडं. पुढं त्यांची कंबर गेली, तेव्हा त्यांच्या जागी मी लागले आणि त्या स्टेशनच्या तोंडाशी भाजी घेऊन बसायला लागल्या. तरी रोज कुणाला ना कुणाला सांगायच्या, ह्या फलाटाखाली माझी माती हाय. गिऱ्हाईक म्हणायचं, आजी, मग कोथिंबीर तरी फुकट द्या.

झाडणाऱ्या बाईला स्टेशन कचऱ्यातनं कळतं. आत्यांच्या वेळी तिकिटाची कुपनं पडायची, लोक कुपनांची वही घेऊन यायचे, मशीनमधे घालून छापायचे आणि उतरले की फाडून फेकायचे. मग कुपनं गेली, पातळ कागदाची तिकिटं आली, ती पावसाळ्यात फरशीला चिकटायची, नखानं काढावी लागायची. आता तीपण कमी झाली, पोरं मोबाइलवरच तिकीट काढतात, खाली काय पडत नाय. माझ्या सुपलीत चहाचे कागदी कप येतात, वेफरची पाकिटं येतात, आणि कानात घालायची ती पांढरी बोंडं, एकेकटी. मी ती ऑफिसात जमा करते. नेहमी एकच कानाचं असतं, दुसरं कुणीतरी घेऊन गेलेलं असतं.

मला स्टेशनची सगळ्यात आवडायची ती अनाउन्समेंट. सरकते जिने आले, लिफ्ट आली, थंड पाण्याचा नळ आला, ते सगळं बरंच आहे, लिफ्ट पुसताना मी आरशात बघून पदर पण सारखा करते. पण अनाउन्समेंटची गोष्ट वेगळी. ती बाई आधी मराठीत सांगते, मग हिंदीत, मग इंग्रजीत, कधी चिडत नाय, गाडी लेट झाली तरी तिचा आवाज तसाच. मी नववीत शाळा सोडली, इंग्रजी वाचताना अडखळते, पण ती इंग्रजी अनाउन्समेंट मला सगळी पाठ आहे. झाडताना मी ओठातल्या ओठात तिच्याबरोबर म्हणते. घरी पोरीला मांडीवर घेऊन झोपवताना पण तेच म्हणायचे, अंगाईच्या चालीवर, प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवर येणारी गाडी, पुढची सगळी स्टेशनं. पोरगी माझ्या गळ्यावर हात ठेवून झोपायची. मला वाटायचं लाडानं ठेवते.

ती दीड वर्षाची झाली तरी आई म्हणाली नाय. शेजारची तिच्या बरोबरची पोरं आई, पप्पा, दे, नको, सगळं म्हणायला लागली. माझी नुसती हूं हूं करायची, हात ओढून न्यायची, बोट दाखवायची. मी आत्यांना म्हटलं, हिला दाखवूया का कुठं. आत्या म्हणाल्या, आमच्या घराण्यात पोरं उशिरा बोलतात, हिचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर मुकाच होता. आवाजाला दचकत नाय म्हटलं, कुकरची शिट्टी झाली तरी झोपून राहते, तर म्हणाल्या बापावर गेलीय, तो रोलरच्या आवाजात झोपायचा. आणि मग शेवटचं ते, "गाडी ऐकती की. गाडी ऐकणाऱ्या पोरीला कुकर ऐकू येईना व्हय?"

आमच्याकडं बाळ झालं की कानाजवळ काशाचं ताट वाजवतात, तेपण आत्यांनी केलेलं होतं, ताट पाळण्याच्या दांडीला टेकवून लाटण्यानं वाजवलं आणि पोरीनं डोळे मिटून उघडले होते. म्हणजे दोन पुरावे झाले. अंगणवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, एकदा कान तपासून घे, मोठ्या दवाखान्यात ने. मी हो म्हटलं. आणि नेलं नाय. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. दवाखान्यात नेलं आणि त्यांनी काय सांगितलं तर. नाय नेलं तर गाडी ऐकती की, हे तरी माझ्याकडं होतं. मिस्टरांना बोलले तर ते कळंबोलीच्या लोखंड मार्केटमधनं दमून आलेले असायचे, खांद्यावर पट्ट्यांचे वळ, ते हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, घरात तीन बोलणारी माणसं आहेत, एक गप्प राहिली तर बिघडलं कुठं. दीडाची दोन झाली, दोनाची तीन झाली. माझी सकाळची ड्युटी असायची, तेवढा वेळ पोरगी आत्यांजवळ स्टेशनच्या तोंडाशी पोत्यावर बसायची, लिंबं लावायची, काढायची, परत लावायची. फार शहाणी होती, एक लिंबू इकडंतिकडं व्हायचं नाय.

आता त्या दिवसाचं सांगते.

स्टेशनच्या बाहेर बसणाऱ्यांचा एक नेम आहे. अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली की मोबाइलची कव्हरं विकणारा कोपऱ्यावरनं शिट्टी मारतो. शिट्टी झाली की ज्यानं त्यानं आपल्या चादरीची चार टोकं धरायची, गाठोडं खांद्यावर टाकायचं आणि रिक्षा स्टँडच्या मागच्या गल्लीत पळायचं. मागं बघायचं नाय, मागं बघितलं की माल गेला. पोरांना पण शिकवलेलं असतं, शिट्टी ऐकली की मोठ्यांचा पदर धरायचा, शर्ट धरायचा आणि पळायचं. चार-चार वर्षांची पोरं धरतात. कुणाला बोलवावं लागत नाय. आत्यांची चादर तर कायम टोकं वर करूनच अंथरलेली असते.

त्या दिवशी शिट्टी झाली. आत्या उठल्या, म्हणाल्या चल गं बाय, टोकं धरली आणि पळाल्या. पोरगी पाठमोरी बसलेली होती, बाजूच्या पोत्यावर, तिची तिची दोन लिंबं घेऊन. आत्यांना वाटलं पदराला आहे. पदर ओढल्यासारखं पण वाटलं त्यांना, तो गाठोड्यात अडकला होता. गल्लीत जाऊन गाठोडं टेकवलं, वळून बघतात तर पदराला कुणी नाय.

मी हॉलमधे पोछा मारत होते. आत्या आल्या त्या धापा टाकतच, चप्पल एकाच पायात. म्हणाल्या, "पोरगी तुझ्याकडं आली न्हवं?" मी म्हटलं नाय. पोछा तसाच हातात घेऊन मी बाहेर पळाले, पोत्याजवळ एक लिंबू पडलेलं होतं, दुसरं नव्हतं. रिक्षावाल्यांना विचारलं, चहावाल्याला विचारलं. एक बाई म्हणाली छोटी मुलगी सबवेत गेलेली बघितली, कुणाच्या तरी मागनं. सबवेतनं दोन्ही फलाटांवर जिने जातात. फलाट म्हणजे रूळ. मी आधी कुठल्या जिन्यानं जाऊ, एकीकडं गेले आणि ती दुसरीकडं असली तर, हाच विचार करत मी सबवेच्या मधोमध उभीच राहिले.

लेडीज कॉन्स्टेबल ओळखीच्या होत्या, रोज त्यांच्या खुर्चीखालनं झाडते. त्यांनी मला दंडाला धरून स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात नेलं. त्या ऑफिसाची दारं मी बाहेरनं पुसायचे, आत कधी एवढी गेले नव्हते. आत एक मॅडम ड्युटीवर होत्या, समोर भिंतीला टीव्ही, एका टीव्हीत चार-चार चौकोन, सगळं स्टेशन त्यात दिसतं. मॅडमनी मला काही विचारलं, वय, कपडे, मी सांगितलं पिवळा फ्रॉक. त्यांनी माइकवरनं एकदा सांगितलं, पिवळा फ्रॉक घातलेली तीन वर्षांची मुलगी कुणाला दिसल्यास. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही बोला. लहान मूल आहे, आईचा आवाज ओळखेल, थांबेल."

मी आजपर्यंत ज्या आवाजाच्या मागनं ओठ हलवत झाडायचे, त्या आवाजाच्या जागी मला उभं केलं. मॅडमनी बटण दाबलं. मी म्हटलं, "बाय, आई बोलतेय गं. जिथं आहेस तिथंच बस. हलू नको, आई आली." माझा आवाज सगळ्या स्टेशनात गेला, ऑफिसच्या बाहेरनं परत मला ऐकू आला, मला तो माझा वाटला नाय.

तेवढ्यात कॉन्स्टेबल मॅडमनी टीव्हीवर बोट ठेवलं. दोन नंबरचा फलाट, मुंबईकडचं टोक. पिवळा ठिपका. पोरगी लोखंडी खांबाला पाठ लावून बसली होती, मांडीत लिंबू. त्याच खांबाला वर स्पीकर आहे, त्याची जाळी मी शिडी लावून पुसलेली आहे, म्हणून मला माहीत. कॉन्स्टेबल पळत सुटल्या. मॅडम म्हणाल्या, बोलत राहा, तुमचा आवाज ऐकून ती तिथंच राहील. मी परत म्हटलं, बाय, वर बघ, आई बोलतेय. आणि टीव्हीत बघते तर फलाटावरची सगळी माणसं वर बघत होती. एक माणूस मोबाइलवर बोलत होता, त्यानं मोबाइल कानापासनं लांब केला. पोरीच्या बाजूला एक कुत्रं झोपलेलं होतं, त्यानं मान वर केली, कान टवकारले. आणि माझी पोरगी लिंबू एका मांडीवरनं दुसऱ्या मांडीवर ठेवत होती.

मी तिसऱ्यांदा बोलले. काय बोलले आठवत नाय, मॅडम नंतर म्हणाल्या तुम्ही नुसतं बाय बाय करत होतात. कुत्रं उठून उभं राहिलं. ती नाय.

आणि मग ती वळली. एकदम वळली. हात मागं नेऊन तिनं खांबाला लावला, दुसरा फरशीवर ठेवला, आणि मान फिरवून रुळाकडं बघायला लागली, तशीच, घरात दाराकडं बघायची तशी. चौकोनात काहीच नव्हतं, नुसते रूळ. मग थोड्या वेळानं चौकोनाच्या कोपऱ्यात गाडीचा दिवा दिसला.

मला तिथं कळलं. कुणी सांगितलं नाय, कुठल्या डॉक्टरनं नाय. त्या टीव्हीत आवाज नसतो, नुसतं चित्र असतं. मी पण त्या वेळी तिच्यासारखीच बघत होते.

पोरगी उठून उभी राहिली, गाडी बघायला दोन पावलं पुढं गेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिच्या फ्रॉकला मागनं धरलं. गाडी आली, तिनं सगळा चौकोन भरून टाकला, मला पुढचं दिसेना. कॉन्स्टेबल तिला कडेवर घेऊन आल्या तेव्हा मी ऑफिसच्या दारात खाली बसलेले होते. पोरीनं मला लिंबू दिलं.

आत्या तिथंच होत्या. रडत होत्या आणि पोरीला रागावत पण होत्या, एवढ्या हाका मारल्या, आईनं सबंद स्टेशनात हाका मारल्या, ऐकलं न्हाई कार्टीनं, वळून बघितलं न्हाई. मी म्हटलं, "आत्या, तिला ऐकूच येत नाय."

आत्या हळूच म्हणाल्या, "गाडी ऐकती की."

त्याचं उत्तर मी रविवारी दिलं. त्या रविवारी मिस्टर घरी होते, दुपारी ब्लॉक संपून गाड्या सुरू झाल्या, तेव्हा मी पोरीला कडेवर घेतलं आणि दाराकडं पाठ करून उभी राहिले. गाडी आली, ताटं वाजली, पोरगी माझ्या कानातल्याशी खेळत राहिली. मग तिला फरशीवर बसवलं. पुढची गाडी आली, ती वळली. परत कडेवर घेतलं, नाय वळली. परत खाली ठेवलं, वळली. मिस्टर भिंतीला टेकून बघत होते. म्हणाले, बास. मग म्हणाले, मार्केटात आमालापण असंच कळतं, पत्र्याच्या थप्पीवर हात असला की क्रेन लांबून येतीय ते हाताला आधी लागतं. एवढं बोलले आणि बाहेर निघून गेले. मला तेव्हा ते माझ्या गळ्यावर हात ठेवून झोपणं आठवलं. लाड नव्हता तो. अनाउन्समेंट ती हातानं ऐकत होती.

मोठ्या दवाखान्यात पोरीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या, कानात आवाज सोडले. मशीनवर रेघ सरळच जात होती, मला कागद वाचता येत नाय पण रेघ सरळ आहे ते कळतं. डॉक्टर तरुण होत्या, वाईट नव्हत्या. म्हणाल्या दोन्ही कान, जन्मापासून. म्हणाल्या इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी सांगितलं, आमी स्टेशनजवळ राहतो, ती गाडी आली की बघायची. त्यांना वाटलं असेल ही काय बोलतेय. सहा महिन्यांची असताना आणली असतीत तर, एवढं म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत, माझं तोंड बघून थांबल्या असतील.

कानामागं लावायची मशीनं दिली आहेत, त्यांचा तिला फारसा उपयोग नाय, पण डोक्याला सवय राहावी म्हणून लावायची. खरं म्हणजे कानाच्या आत मशीन बसवायचं ऑपरेशन करायला पाहिजे, ते लहानपणीच होतं, वय वाढलं की मग करून फायदा राहत नाय असं म्हणतात. नाव यादीत आहे. नंबर लागला की फोन करतो म्हणाले. तिचं आता चौथं वर्ष निम्मं संपलं. मी रोज तिच्या फ्रॉकची लांबी बघते आणि भिते. बाकीच्या आया पोर वाढलं की खूश होतात.

आत्या आता कुणाला फलाटाखालची माती सांगत नाहीत. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, त्या रोलरचं मी उगाच सांगत बसले. मी म्हटलं, तुमी काय मुद्दाम केलं का. खरं तर माझ्या मनात राग आहे, पण त्यांच्यावर किती आणि माझ्यावर किती ते मला सांगता यायचं नाय. अंगणवाडीच्या ताईंनी मला सांगितलं होतं. आत्यांना नव्हतं सांगितलं. पोरगी अजून त्यांच्याजवळच बसते, पण आता तोंड त्यांच्याकडं करून बसवतात. शिट्टी झाली की आत्या हाक मारत नाहीत, आधी पाय आपटतात, दोनदा, दुखऱ्या कमरेनं, सगळ्या जोरानं. पोरगी वळते, पदर धरते, मग त्या गाठोडं उचलतात. त्यात उशीर होतो. दोनदा त्यांचा माल गेला, तराजू गेला. तरी आधी पाय आपटतात.

ड्युटीवर फोन वाजलेला सुपरवायझरला चालत नाय, म्हणून मी तो थरथरीवर ठेवते आणि कमरेला खोचते, झोपताना पण काढत नाय. परवा दुपारी ड्युटी संपवून मी सबवेच्या पायरीवर बसले होते आणि पोरगी माझ्या मांडीत डोकं ठेवून आडवी होती. वर अनाउन्समेंट चालू होती, मी सवयीनं ओठ हलवत होते. मधेच पोरगी उठली, तिनं माझ्या कमरेवर हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली, डोळे मोठ्ठे करून, गाडी आल्यावर बघते तसं. मला काहीच लागलं नव्हतं. मग लागलं, फोन थरथरत होता. मला वाटलं दवाखान्याचाच, मी हात घालायच्या आधी तिनंच ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

रिचार्ज संपत आल्याचा फोन होता, मशीनवरचा आवाज. मी तो शेवटपर्यंत ऐकला. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, काय सांगितलं म्हणून. मी मान हलवली, नाय म्हणून. तिनं पण तशीच मान हलवली आणि परत डोकं ठेवलं, हात मात्र फोनवरच ठेवला.